पत्र्याखालचा ढोल

रविवार, ४ ऑक्टोबर

पुन्हा हरलो. घरच्या मैदानावर, दोन-शून्य.

ही डायरी साडूभाऊंनी दिलेली. त्यांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे दरवर्षी कंपन्यांच्या चकचकीत डायऱ्या त्यांच्याकडे येऊन पडतात आणि त्यांतली एक माझ्या माथी मारली जाते. आजवर मी तिची पानं फाडून त्यांत स्क्रू गुंडाळत आलो. पण परवा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि बायकोने फर्मान काढलं की सामन्यानंतर घरात आरडाओरडा चालणार नाही, पोटात असेल ते कागदावर ओकायचं. तर ओकतो.

'मास्तरांना काढा' असं आज लोक उघड ओरडले. मास्तर म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. आधी शाळेत भूगोल शिकवायचे म्हणून मास्तर. ओरडणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर आमचे साडूभाऊ. सख्ख्या बहिणींचे नवरे आम्ही, गेली कित्येक वर्षं एकाच बाकावर बसून सामने बघतो, आणि आज मी ढोल बडवतोय नि शेजारी हे मास्तरांच्या नावाने खडे फोडतायत.

मास्तरांना आणलं ते मी. आमचा क्लब सभासदांच्या मालकीचा, प्रशिक्षक कोण हवा ते सभेत मतांवर ठरतं. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मीच उठून सांगितलं होतं की हाच माणूस आणा, आणि नाही चालला तर मी ढोल खाली ठेवीन. मागच्या वर्षी आम्ही तिसरे आलो तेव्हा माझी मान काय ताठ होती. यंदा खालून दुसरे आहोत.

यंदा धड झालेली गोष्ट एकच, आमच्या स्टँडवरचं छप्पर. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा माझा धंदा, त्यामुळे छपराचा सगळा पत्रा सुट्ट्यांच्या दिवशी मी स्वतः बसवला. स्टँड राखीव खेळाडूंच्या बाकाच्या बरोबर मागे. पूर्वी ढोलाचा आवाज आभाळात विरून जायचा. आता काठी पडली की आवाज पत्र्यावर आपटतो आणि सरळ मैदानात घुसतो. निदान पोरांना कळतं तरी, की कुणीतरी त्यांच्या पाठीशी आहे.

बुधवार, ७ ऑक्टोबर

संघाचा कप्तान गॅरेजमध्ये आला होता. गाडीचा दरवाजा खांबाला घासलाय. मी लगेच हातोडी घेऊन आतल्या बाजूने ठोकायला घेतलं. तो म्हणाला, काका, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, बोल ना, माझे हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत.

तो बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. हाताने मैदान दाखवलं, छप्पर दाखवलं, डोक्याला हात लावला. मी मान डोलावत होतो. ही हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यातून मधे माझी हातोडी. शेवटी मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं, तू काही काळजी करू नकोस, आम्ही आवाज कमी पडू देणार नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, जाऊ दे काका. गुणी मुलगा आहे. दरवाज्याचा खड्डा असा काढलाय की शोधून सापडणार नाही.

घरी आल्यावर टीव्हीच्या आवाजावरून बायकोशी वाजलं. तिचं म्हणणं, शेजाऱ्यांना बातम्या वेगळ्या लावायची गरज उरलेली नाही. कान दाखवून या, हे तिचं तुणतुणं वर्षभर चालू आहे. माझ्या कानांना काही झालेलं नाही. निवेदक पुटपुटतात.

रविवार, ११ ऑक्टोबर

जिंकलो! बाहेरगावी, तीन-एक.

आम्ही मोजकेच लोक गेलो होतो. त्या क्लबात वाद्यं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे ढोल बसमध्येच पडून राहिला आणि मी हात चोळत बसलो. पण पोरं काय खेळली. चेंडू डावीकडे गेला की सगळी फळी डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. हेच मास्तरांचं वैशिष्ट्य, सामना चालू असताना माणसं हलवत राहतात. मागच्या वर्षी असंच चालायचं.

परतीच्या प्रवासात साडूभाऊ म्हणाले की यंदाचे तिन्ही विजय बाहेरचेच आहेत, घरी एक नाही, म्हणजे हा माणूस घरच्या लोकांसमोर लटपटतो. मला ते ऐकून घेववेना. पण नंतर खिडकीला डोकं टेकून विचार केला आणि मुद्दा पटला. घरच्या मैदानावर दडपण येत असणार. दडपण आलेल्या माणसाला काय लागतं? आधार. म्हणजे आमचाच पाठिंबा कमी पडतोय.

दुसरा ढोल आणायचं ठरवलंय. गॅरेजमधला पेंटर वाजवायला तयार आहे, त्याचे दंड चांगले आहेत.

रविवार, १८ ऑक्टोबर

चार-एक. हरलो. दोन ढोल असूनही.

तळहाताला फोड आलेत, काठी एकदा तुटली. मी आणि पेंटरने क्षणभर दम घेतला नाही. मास्तर सगळा वेळ रेषेपाशी उभे. तोंडाभोवती हातांचा भोंगा करत होते, हात हलवत होते, पुढे धावत होते, मागे येत होते. त्या माणसाला काढा म्हणतात. एवढी तळमळ कुणाची असते का?

डावा बॅक तर त्यांच्याकडे बघताबघता मधेच थांबला आणि कानामागे हात धरून स्टँडकडे वळला. मोठे खेळाडू करतात तसं, आणखी आवाज द्या म्हणून. माझ्या अंगात वीज संचारली. मी असा काही बडवला की पुढच्या रांगेतली माणसं कानांवर हात ठेवून मागे बघायला लागली. तेवढ्यात त्या डाव्या बॅकच्याच बाजूने तिसरा गोल झाला. नशीबच फुटकं.

एकदा मास्तर वळले आणि थेट माझ्याकडे बघून दोन्ही तळवे खाली दाबल्यासारखे केले. धीर धरा, असं. स्वतःची नोकरी धोक्यात असताना हा माणूस मला धीर देतोय. मला भरून आलं. मी आणखी जोर लावला.

मंगळवार, २० ऑक्टोबर

क्लबच्या कँटीनमध्ये सभा झाली. खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले.

एकेक जण उठून बोलला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की वर्षाच्या मध्यात माणूस बदलला तर येणारा तरी काय जादू करणार. बेकरीवाला म्हणाला की मागच्या वर्षीच्या तिसऱ्या नंबरावर किती दिवस जगायचं. मी मास्तरांची बाजू मांडली. फार चांगली मांडली असं वाटत नाही, कारण मधे टेबलावर मूठ आपटली आणि कुणाचातरी चहा सांडला.

मग साडूभाऊ उठले. आवाज न चढवता बोलले, गिऱ्हाईकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतात तसे. शिव्या देऊन काही होत नाही, म्हणाले. पुढच्या रविवारी स्टँड गच्च भरायचा आणि सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. टाळी नाही, गाणं नाही, ढोल नाही. आपण पाठीशी नाही हे त्याला कळू दे, आणि बुधवारी मत घेऊन मोकळे होऊ.

ठराव पास झाला. विरोधात मी, पोस्टातल्या बाई आणि आणखी चारदोन हात. पेंटरने माझ्याकडे न बघता ठरावाच्या बाजूने हात वर केला.

दारात साडूभाऊंनी मला गाठलं. "ढोलाचं काय बोलला होतात ते लक्षात आहे ना?" असं विचारलं. चिडून नाही, सहज. तेच जास्त लागलं. घरी आल्यावर बायकोला म्हटलं की तुझ्या बहिणीचा नवरा आजपासून मला मेला. ती म्हणाली, भावजींच्याच दुकानातून तुमची रक्तदाबाची गोळी आली आहे, ती आधी घ्या.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

मास्तरांना भेटून आलो. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

सरावाआधी एकटेच मैदानात शंकू मांडत होते. तोंडात खोकल्याची गोळी. घसा पार बसलाय, काय बोलतात ते समजायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला. मी सगळं सांगितलं. मला माफ करा, म्हटलं, मी थांबवू शकलो नाही.

त्यांनी हातातला शंकू खाली ठेवला. मग विचारलं, "पूर्ण सामना? ढोलसुद्धा नाही?"

मी म्हटलं, एक ठोकासुद्धा नाही.

त्यांनी एकदम तोंड फिरवलं. खांदे हलत होते. एवढा शांत माणूस, पण शेवटी माणूसच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. येऊ द्या सगळ्यांना, म्हणाले, स्टँड भरू द्या. वर बायकोलाही घेऊन या असा आग्रह केला. निरोपाचं बोलणं असावं तसं वाटलं. येताना गाडी दोनदा बंद पडली माझ्याकडून.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज नीट सगळं लिहायचं आहे. 

बायको आली होती. म्हणाली, तुम्ही गप्प बसणार म्हणजे तुम्हाला काहीतरी होणार, मी सोबत असलेली बरी. ढोल नेला होता, पण त्यावर चादर टाकून मी वर बसलो. स्टँड गच्च. सगळे आले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. साडूभाऊ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून.

पंचाने शिट्टी दिली. अशी शांतता मी त्या मैदानात कधी अनुभवली नव्हती. मला तर वाटलं, एखाद्याच्या घरी वाईट बातमी द्यायला गेलोय. चेंडूला बसणारी लाथ तेवढी जाणवत होती. मी खाली मान घालून बसलो होतो.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "किती छान समजावून सांगतात हो."

कोण, म्हणून मी विचारलं.

"मास्तर तुमचे."

मी वर बघितलं. मास्तर रेषेपाशी उभे होते, दोन्ही हात खिशात. भोंगा नाही, धावपळ नाही. ओठ हलत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण डावा बॅक मान न वळवता दोन पावलं आत सरकला, आणि त्याच्यापुढचा गडी बाहेर गेला. मास्तरांचे ओठ पुन्हा हलले आणि पलीकडचे दोघे मागे आले.

मी हिला विचारलं, तुला इथून ऐकू येतंय? ती म्हणाली, सगळ्यांनाच येतंय. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं.  जवळ सरकली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मास्तर जे बोलतील ते मला सांगायला लागली. "म्हणतायत, घाई नको. डावीकडे जागा आहे. थांब. थांब. आता जा."

आणि कप्तान गेला, आणि गोल झाला.

टाळी पडली नाही. ठराव म्हणजे ठराव. बेकरीवाल्याने स्वतःचा मफलर तोंडात कोंबला होता. पोस्टातल्या बाई रडत होत्या, तोंड मिटून. साडूभाऊंची हाताची घडी सुटली होती.

तीन-शून्य जिंकलो. मला शेवटचे दोन गोल धड दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर गेले दोन महिने फिरत होते. कानामागे हात धरलेला डावा बॅक. खाली दाबलेले तळवे. गॅरेजमध्ये डोक्याला हात लावणारा कप्तान. बाहेरचे तीन विजय आणि बसमध्ये पडलेला ढोल. ते छप्पर, ज्याचा एकेक खिळा मी मारला.

मास्तरांच्या बोलण्यावर मीच पत्रा ठोकला होता.

लाज वाटली. खूप वाटली. पण खरं लिहायचं तर त्याच्याआधी हायसं वाटलं. छातीवरून मणाचं ओझं उतरावं तसं. माणूस कच्चा नव्हता. मी ओळखलं होतं ते बरोबर होतं.

घरी येताना बायकोला म्हटलं, कानाच्या डॉक्टरांची वेळ घे. वर्षभराच्या तुणतुण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

बुधवार, २८ ऑक्टोबर

मतदान झालं. मास्तर राहिले.

झालं कसं ते लिहितो. साडूभाऊंनी सुरुवातच अशी केली की बघा, आमच्या शांततेचा धाक बसला आणि पोरं खडबडून जागी झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग बेकरीवाला म्हणाला, एका विजयाने काय होतं, हा धाक किती दिवस पुरणार, बदलायचा तर आत्ताच बदला. वारं फिरायला लागलं होतं.

मी उठलो. टेबलापासून लांब उभा राहिलो. म्हटलं, धाकबिक काही नाही. मास्तर सामना चालू असताना बोलून संघ हलवतात. मागच्या वर्षी पोरांना ते ऐकू यायचं. यंदा छप्पर घातलं, त्याखाली मी ढोल बडवला, एक पुरला नाही म्हणून दुसरा आणला, आणि मास्तरांचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. मला ते कळलं नाही, कारण मला स्वतःलाच कमी ऐकू येतं. काढायचं तर मला काढा.

 मग मागून कप्तान म्हणाला, "काका म्हणतात ते खरं आहे. घरच्या मैदानावर यंदा पहिल्यांदा आम्हाला मास्तर ऐकू आले."

मग विचारू नका. तुम्ही आधी का नाही बोललात म्हणून सगळे कप्तानावर तुटून पडले. तो म्हणाला, बोललो होतो, गॅरेजमध्ये. मी खाली बघितलं.

मास्तरांच्या बाजूने इतके हात वर गेले की कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. साडूभाऊंचा हात जरा उशिरा गेला, पण गेला. बाहेर आल्यावर मी ढोल त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, मास्तर टिकले, पण ढोल तुम्हीच घ्या, तुम्ही गप्प केलंत म्हणून ते वाचले. त्यांनी ढोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटले. मी त्याला काढायला गेलो होतो हो, म्हणाले, आणि तुम्ही वाचवायला. दोघांनाही एक काम धड जमलं नाही. मग मलाही हसू आवरेना. ढोल दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांच्या गाडीत ठेवला आणि त्यांनी मला घरी सोडलं, ढोलासकट.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

मास्तर गॅरेजमध्ये आले होते. मी हातोडी खाली ठेवली, कंप्रेसर बंद केला आणि त्यांना माझ्या बऱ्या कानाच्या बाजूला बसवलं. हो, उजवा जरा बरा आहे, काल डॉक्टरांनी सांगितलं. डावा जवळजवळ गेला आहे. पत्रे ठोकणाऱ्याचं असंच होतं म्हणे. यंत्र लावलं की काम भागेल.

मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? एक शब्द पुरला असता.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सगळं गाव मला काढा म्हणत होतं. माझ्यासाठी वाजवणारे तुम्ही एकटे होतात. तुम्हालाच थांबा म्हणायला माझी जीभ रेटेना, दादा."

नोकरी जायची वेळ आली तरी. मी म्हटलं, आणि त्या गुरुवारी मैदानात रडलात ते? ते ओशाळले. म्हणाले, रडलो नव्हतो. मग आम्ही दोघेही इतके हसलो की पेंटर आतून बघायला आला.

ठरलं ते असं. शिट्टी होईपर्यंत ढोल, मध्यंतरात ढोल, गोल झाल्यावर ढोल. एरवी काठ्या मांडीवर. छप्पर राहू दे म्हणाले, लोकांना ऊन लागतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

परवा यंत्र मिळालं. इवलंसं आहे, कानामागे बसतं. पहिला दिवस भयंकर गेला. आमच्या घरातला पंखा करकरतो हे मला माहीतच नव्हतं. बायको स्वयंपाक करताना गुणगुणते, तेही नव्हतं माहीत. कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाली, लग्न झाल्यापासून. सुरुवातीला तरी मला ऐकू येत असेलच की. पण आठवत नाही.

आज घरचा सामना होता. बायको आपणहून आली. साडूभाऊ शेजारी, त्यांच्या मांडीवर दुसऱ्या ढोलाच्या काठ्या. पेंटरला त्यांनी हटवलं, म्हणाले, माझाही हक्क आहे. सुरुवातीला दोघांनी मनसोक्त बडवला. शिट्टी झाली आणि गप्प.

मग मी मास्तरांना ऐकलं, दोन वर्षांत पहिल्यांदा सामन्यात. आवाज पातळ आहे, वर्गात नकाशा दाखवणाऱ्या माणसाचा. पोरांना नावाने हाक मारतात. चुकलं तर आधी असू दे म्हणतात आणि मग काय करायचं ते सांगतात. मी त्यांच्यासाठी एवढा भांडलो आणि ते बोलतात कसे हेच मला ठाऊक नव्हतं.

शेवटपर्यंत शून्य-शून्य. अगदी अखेरीस कप्तानाने कॉर्नरवर डोकं लावलं आणि चेंडू आत गेला. स्टँड उसळला, साडूभाऊ काठ्या टाकून मला येऊन चिकटले, बायको बाकावर चढली. त्या गडबडीत मी वाजवायचंच विसरलो. नुसता उभा होतो, काठ्या हातात धरून.

मास्तर वळले. हातवारे केले नाहीत, भोंगा केला नाही. साध्या आवाजात म्हणाले, "दादा, वाजवा आता."

मला ऐकू आलं.